ग्याराडोस ईएक्स आणि ग्रेनिंजा: एनर्जी नक्की कुणाला द्यायची?

मासोळी:

मंडळी, गेले तीन आठवडे पोकेमॉन टीसीजी पॉकेट या मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात मी एकच डेक (२० पत्त्यांचा संच) धरून बसले आहे, ग्याराडोस ईएक्स आणि ग्रेनिंजाचा. पुढे ड्रडिगॉन उभा करायचा आणि त्याच्या आडोशाला बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, या दोघांना वाढवायचं. ३० एचपीचा (म्हणजे ३० चा मार बसला की पडणारा) मॅजिकार्प जिवापाड जपायचा, मग त्याचाच १८० एचपीचा ग्याराडोस होतो आणि १४० चा तडाखा देतो. त्या एका क्षणासाठी मी हा खेळ खेळते. पण हरतेय खूप, आणि प्रत्येक वेळी थोडक्यात.

डेक असा आहे: ड्रडिगॉन २, मॅजिकार्प २, ग्याराडोस ईएक्स २, फ्रोकी २, फ्रॉगेडिअर २, ग्रेनिंजा २ (फ्रोकीचा फ्रॉगेडिअर, त्याचा ग्रेनिंजा होतो). बाकी पोकेबॉल २, प्रोफेसर्स रिसर्च (दोन पत्ते ओढायला) २, मिस्टी (काटा पडेपर्यंत नाणं फेकायचं, जितके छापे तितकी जास्तीची एनर्जी) २, सबरिना (समोरच्याच्या पुढच्या पोकेमॉनला मागे ढकलते) १, लीफ (मागे घ्यायचा खर्च २ ने कमी करते) १. एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी दर टर्नला एक मिळणारं इंधन, फक्त पाण्याची ठेवली आहे. सुरुवातीला ड्रडिगॉनसाठी आगीचीही जोडली होती, पण मग दर टर्नला दोन्हींपैकी कुठली येईल याचा नेम राहीना, म्हणून काढून टाकली.

कालचा डाव जसा झाला तसा लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला दाखवता येईल. समोर म्यूटू ईएक्स आणि गार्डेव्हॉर. पहिली चाल माझी, त्यामुळे पहिल्या टर्नला एनर्जी नाही. ड्रडिगॉन पुढे, फ्रोकी बेंचवर. दुसऱ्या टर्नला मॅजिकार्प हातात नव्हता, एनर्जी फ्रोकीला दिली. तिसऱ्याला मॅजिकार्प आला, त्याला दिली. चौथ्या टर्नला फ्रॉगेडिअर झाला. ग्याराडोस अजून आला नव्हता, म्हणून दुसरी एनर्जी फ्रॉगेडिअरला दिली, म्हटलं ग्रेनिंजा आला की लगेच मारता येईल. पाचव्याला ग्याराडोस आला, त्याला एनर्जी दिली, वर मिस्टी टाकली तर पहिल्याच नाण्याला काटा.

मग म्यूटू पुढे आला, १५० मारून ड्रडिगॉन पाडला (ड्रडिगॉनला मारणाऱ्याला २० बसतात, म्हणून तो १३० वर आला) आणि मी ग्याराडोस पुढे आणला. सहाव्या टर्नला माझ्या ५ एनर्जी मांडलेल्या, ३ ग्याराडोसवर, २ फ्रॉगेडिअरवर, आणि ग्याराडोसला लागतात ४! पुन्हा १५० बसले. सातव्याला चौथी एनर्जी लावून म्यूटू पाडला खरा, पण ग्याराडोसचे ३० एचपी उरले होते. दुसऱ्या म्यूटूने दोन एनर्जीवर ५० मारले आणि डाव संपला. ३-२ (आधी ३ पॉइंट करणारा जिंकतो; साधा पोकेमॉन पाडला की १, ईएक्स पाडला की २). ग्रेनिंजा शेवटपर्यंत दिसलाच नाही.

सगळे सांगतात की एकच लाइन (एकाच पोकेमॉनची वाढत जाणारी साखळी) ठेव, दोन इव्हॉल्व्ह होणारे हल्लेखोर २० पत्त्यांत मावत नाहीत. मला हे दोघंही हवे आहेत. माझा हट्टच चुकतोय, की खेळण्याची पद्धत?

चौथी_चाल:

डेक चांगला आहे, हट्टही सोडू नका. चूक चौथ्या टर्नला झाली.

ग्याराडोस हातात नव्हता म्हणून तुम्ही एनर्जी फ्रॉगेडिअरकडे वळवली. पण एनर्जी मॅजिकार्पवर लावली तरी तो इव्हॉल्व्ह झाल्यावर ती तशीच राहते. ३, ४, ५, ६ या चारही टर्नची एनर्जी एकाच जागी गेली असती तर सहाव्या टर्नला, १८० एचपी शाबूत असताना, ग्याराडोसने १३० वरचा म्यूटू पाडला असता. दुसऱ्या टर्नची फ्रोकीवर लावलेली एनर्जी अजिबात चूक नव्हती, मॅजिकार्पच नव्हता तर दुसरं काय करणार.

मॅजिकार्प ३० एचपीचा, त्याच्यावर एवढं लावायची भीती वाटते, हे मला समजतं. मलाही वाटायची. पण बेंचवर त्याला धोका कशाचा? समोरच्याने सबरिना टाकली तर पुढे कोण येणार हे तुम्ही ठरवता. सायरसचा पत्ता फक्त आधीच जखमी असलेल्यालाच पुढे ओढतो. खरा धोका बेंचवर मारू शकणाऱ्यांचा, जसा समोरचा ग्रेनिंजा. तो दर टर्नला कुणालाही, बेंचवरच्यालाही, २० मारतो (वॉटर शुरिकेन); दोन शुरिकेन म्हणजे ४०, आणि मॅजिकार्प एनर्जीसकट गेला. तेव्हा मात्र ग्याराडोस हातात येईपर्यंत मॅजिकार्प खाली ठेवूच नका.

आता दुसऱ्या हल्लेखोराला एनर्जी कधी द्यायची? ग्याराडोसच्या हल्ल्यानंतर दोन्ही बाजूंच्या सगळ्या पोकेमॉनवरच्या एनर्जींपैकी कुठलीही एक उडते. तुमच्या ४ आणि समोरच्याच्या ३ असतील तर ७ पैकी ४ वेळा फटका तुम्हालाच. तो बसला की पुढच्या टर्नची एनर्जी ग्याराडोसलाच द्यायची, ४ पूर्ण झाल्या, पुन्हा हल्ला. पण समोरच्याची उडाली तर तुमचे ४ तसेच आहेत आणि त्या टर्नची एनर्जी मोकळी झाली. ती ग्रेनिंजाची. त्याला मारायला दोनच लागतात. मी डावभर एवढा एकच हिशेब करतो, आज ग्याराडोसकडे ४ आहेत का? नसतील तर दुसऱ्या कुणाकडे बघायचंच नाही.

ग्रेनिंजावर एखादी एनर्जी असण्याचा छोटा फायदाही आहे. उडणाऱ्यांच्या ढिगात आणखी एक भर पडते, म्हणजे ग्याराडोसची शक्यता ७ पैकी ४ वरून ८ पैकी ४ वर येते.

कोरी_पाटी:

चौथी_चाल यांचं एनर्जीचं गणित पटलं, पण तेवढ्याने हा डाव जिंकला असता असं मला वाटत नाही. पुढे खेळून बघा. सहाव्याला पहिला म्यूटू पडला, तुमचे २ पॉइंट. दुसरा म्यूटू येऊन ५० मारतो, ग्याराडोस १३० वर. सातव्याला तुम्ही १४० मारता. म्यूटूचे एचपी किती? १५०. तो १० वर जिवंत राहतो, गार्डेव्हॉर त्याला एनर्जी पुरवते आणि १५० मारून तो ग्याराडोसला घेऊन जातो. ड्रडिगॉनचा १ आणि ईएक्सचे २, पुन्हा ३.

ते १० कमी पडतात, त्यासाठीच ग्रेनिंजा डेकमध्ये आहे. हल्ला करणं हे त्याचं दुसरं काम. बेंचवर बसून दर टर्नला २० ही त्याची खरी कमाई, आणि त्याला एनर्जी लागत नाही, सपोर्टर (टर्नला एकच खेळता येणारा मदतीचा पत्ता) खर्च होत नाही. १४० अधिक एक शुरिकेन म्हणजे १६०, म्यूटू गेला. दोन ग्रेनिंजा असतील तर १८०, चारिझार्ड ईएक्ससुद्धा एका टर्नमध्ये. लाइन कमी करायचा सल्ला देणाऱ्यांना हे दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. एकट्या ग्याराडोसचा हात नेमक्या मोठ्या ईएक्सपर्यंत पोहोचत नाही.

आता ग्रेनिंजा न येण्याबद्दल. २० पत्त्यांत २ ग्रेनिंजा, तिसऱ्या टर्नपर्यंत साधारण ८ पत्ते बघून होतात. तोवर एकही न दिसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. दोन्ही प्रोफेसर खेळून १२ पत्ते बघितले तर सुमारे १५. म्हणजे प्रोफेसर हातात असेल आणि त्या टर्नला दुसऱ्या सपोर्टरची निकड नसेल तर तो दाबून ठेवू नका. अनेक जण 'नंतर लागेल' म्हणून ठेवतात. या डेकला पत्ते पहिल्या तीन-चार टर्नमध्येच हवे असतात.

एक मिस्टी काढा आणि जिओव्हानी घाला. मिस्टीच्या नाण्याला निम्म्या वेळा पहिल्याच फेकीत काटा पडतो, आणि टर्नचा एकमेव सपोर्टर फुकट जातो. जिओव्हानी १० वाढवतो, ते दर वेळी. १४० चे १५० झाले की म्यूटू बरोबर पडतो.

सावकाश:

वरच्या दोघांनी एक गोष्ट सोडली, ती म्हणजे कोण कुठल्या क्रमाने पडतं.

तुमच्याकडे १ पॉइंटचे ड्रडिगॉन आणि ग्रेनिंजा आहेत, २ पॉइंटचा ग्याराडोस आहे. समोरच्याने ड्रडिगॉन आणि मग ग्याराडोस घेतला तर दोन नॉकआउटमध्ये ३. पण मधे फ्रोकीच्या लाइनमधला कुणी पडला तर १, १ आणि मग २. तीन नॉकआउट करावे लागतात, आणि शेवटचा एक पॉइंट वाया जातो. तुम्हाला अख्खा एक जास्तीचा टर्न मिळतो.

म्हणून ड्रडिगॉन पडल्यावर, ग्याराडोसवर २ च एनर्जी असताना त्याला पुढे आणणं ही चूक मला चौथ्या टर्नपेक्षा मोठी वाटते. तिथे फ्रॉगेडिअर पुढे यायला हवा होता. मनाला लागतं, एवढा वाढवलेला पत्ता असा द्यायचा म्हणजे. पण तो पडला असता आणि सातव्याला पूर्ण १८० एचपीचा ग्याराडोस ४ एनर्जी घेऊन उतरला असता. ग्याराडोसला मागे घ्यायला ४ एनर्जी लागतात, लीफ टाकली तरी २. एकदा पुढे आला की तो परत जात नाही असंच धरून चाला.

रेअर कँडीचाही विचार करा, २०२५ च्या एप्रिलमधल्या संचात आली. फ्रोकीवरून थेट ग्रेनिंजा. दोन कँडी घाला, फ्रॉगेडिअर पूर्ण काढा.

चौथी_चाल:

सावकाश, क्रमाचं तुमचं म्हणणं एकदम मान्य, मी ते लिहायला हवं होतं. फ्रॉगेडिअर पूर्ण काढायला मात्र माझा विरोध आहे. कँडी आली नाही तर फ्रोकी जन्मभर फ्रोकीच. एक फ्रॉगेडिअर, एक कँडी ठेवा, दोन्ही वाटा उघड्या राहतात. पोकेबॉल बेसिकच देतो, मधल्या पायरीचा पत्ता शोधून देणारं या डेकमध्ये काही नाही.

मासोळी:

तिघांचेही मनापासून आभार. फ्रॉगेडिअर १ केला, मिस्टी १ केली, जिओव्हानी आणि रेअर कँडी एकेक घातली. चार दिवस खेळले आणि आज एक डाव असा झाला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

समोर चारिझार्ड ईएक्स, सोबत मोल्ट्रेस ईएक्स. माझी चाल दुसरी. मॅजिकार्प नव्हता, पहिली एनर्जी फ्रोकीला. तिथून पुढे एकही एनर्जी तिकडे दिली नाही. तिसऱ्या टर्नला कँडीने ग्रेनिंजा झाला तेव्हा दुसरी एनर्जी त्याला द्यायची फार इच्छा झाली होती, पण मोजलं, मॅजिकार्पवर एकच, आणि ती मॅजिकार्पलाच दिली.

पहिलं शुरिकेन बेंचवरच्या चारमेलिऑनवर टाकलं. आधी मी नेहमी पुढे उभ्या असलेल्यालाच मारायचे. पण चारमेलिऑनचा चारिझार्ड झाला तरी ते २० त्याच्या अंगावर तसेच राहिले. मग चारिझार्डने पुढे येऊन ड्रडिगॉन पाडला, तेव्हा त्याला आणखी २० बसले. ४० झाले. माझ्या पुढच्या टर्नला ग्याराडोसवर चौथी एनर्जी लागली आणि १४० मारले. बरोबर १८०, ना एक जास्त ना एक कमी.

उडालेली एनर्जीही त्यांचीच निघाली. त्यांनी सबरिना टाकून ग्याराडोसला मागे ढकललं, मी ग्रेनिंजा पुढे आणला. सुरुवातीची एक एनर्जी त्याच्यावर होतीच, नवी एक दिली, दोन झाल्या. समोर ६० एचपीचा चारमँडर, ग्रेनिंजाचा मार ६०. दोन्ही हल्लेखोर एका डावात कामी आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

आता एकच अडचण उरली. पिकाचू ईएक्ससमोर अजून टिकत नाही. वीज ग्याराडोसला २० जास्त लागते आणि पिकाचू दोन एनर्जीवरच मारायला लागतो. ग्याराडोसच्या ४ होईपर्यंत अर्धा डाव संपलेला असतो.

कोरी_पाटी:

पिकाचूसमोर रांग उलटी करा, आधी ग्रेनिंजाच्या २ पूर्ण करायच्या. बेंच भरलेली असली तरी पिकाचूचा मार ९० आणि ड्रडिगॉनचे एचपी १००. म्हणजे ड्रडिगॉन पाडायला त्याला दोनदा मारावं लागतं, आणि दोन्ही वेळा स्वतः २० खावे लागतात. पिकाचूचे एचपी १२०, उरले ८०. ग्रेनिंजाचा हल्ला ६० आणि शुरिकेन २०, एकाच टर्नमध्ये ८०. फक्त त्यांनी जिओव्हानी टाकला तर ड्रडिगॉन पहिल्याच फटक्यात जातो. म्हणून ड्रडिगॉनच्या मागे शुरिकेन दर टर्नला चालू ठेवा, आणि ती सगळी त्या पिकाचूवरच टाका.