नागपूर परिसरात रेल्वेगाड्यांचे छायाचित्रण: जागा, प्रकाश आणि परवानगी

अजनीची रहिवासी

नमस्कार. मी महाविद्यालयात शिकते आणि गेल्या हिवाळ्यापासून मला रेल्वेगाड्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद लागला आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा असून १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या दोन लेन्स आहेत. आतापर्यंतची बहुतेक चित्रे मी फलाटावरूनच काढली आहेत. ती शेजारी शेजारी ठेवली की समोरून येणारे इंजिन, मागे डब्यांची रांग आणि वर तारा, एवढेच प्रत्येकात दिसते. चित्र नागपूरचे आहे की भुसावळचे, हे फलाटावरचा नामफलक चौकटीत आला नसेल तर मलाही सांगता येणार नाही.

रुळांवर न उतरता आणि कोणाच्या कामात अडथळा न आणता शहरात आणि आसपास कोठून चांगली चित्रे घेता येतील? आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा छंद कसा चालू ठेवावा? परवानगी कोणाकडून घ्यावी? आणि दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या इथल्या डायमंड क्रॉसिंगचे चित्र काढण्याचा काही रीतसर मार्ग आहे का? निर्जन जागी एकटीने जायचे नाही अशी आईची अट आहे आणि ती मला मान्य आहे, त्यामुळे उत्तर देताना कृपया तीही लक्षात घ्यावी.

तीन दिशांचा प्रवासी

जागा निवडण्याआधी मार्गाची दिशा पाहावी. नागपूरहून वर्ध्याकडे जाणारा मार्ग साधारण दक्षिणेकडे उतरतो, त्यामुळे सकाळी गाडीची पूर्वेकडील बाजू उजळते आणि दुपारनंतर पश्चिमेकडील. खापरी, गुमगाव, बुटीबोरी या स्थानकांवर फलाटाची कोणती बाजू धरायची, हे त्यावरून घरबसल्या ठरवता येते. कामठीच्या पुढे भंडारा रोडकडे जाणारा मार्ग बहुतांशी पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे तेथे मार्गाच्या दक्षिणेस उभे राहिले तर डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही गाडीची बाजू नीट प्रकाशात मिळते. वर्ध्याच्या मार्गावर ही सवलत नाही.

उन्हाळ्याचे गणित वेगळे आहे. २६ मेच्या सुमारास नागपुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी इंजिनाचे छप्पर तळपते आणि समोरचा चेहरा मात्र काळवंडतो. कॅमेऱ्यात काहीही बदल केला तरी हे सुधारत नाही. त्याशिवाय रुळांवरची हवा इतकी तापते की २५० मिमीच्या लेन्सने दूरची गाडी टिपली तर तिच्या कडा लाटांसारख्या दिसतात. तुमच्या लेन्समध्ये दोष आहे असे समजून नवी लेन्स घेऊ नये. एप्रिल ते जून या काळात सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास वापरावेत आणि गाडी जवळ आल्यावरच चित्र घ्यावे.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. ‘हे नागपूर आहे’ असे इंजिन सांगत नाही, कारण अजनी शेडचे, म्हणजे अजनीच्या देखभाल केंद्राचे, इंजिन देशात कोठेही दिसू शकते. ते काम गाडीभोवतीच्या परिसराने करावे लागते, आणि या बाबतीत आपण फार भाग्यवान आहोत. कळमेश्वर, काटोल, नरखेड या बाजूला संत्र्याच्या बागा आहेत, वर्ध्याच्या बाजूला काळ्या जमिनीतला कापूस आहे आणि भंडाऱ्याच्या बाजूला धानाची बांधी आहे. एकाच शहरातून तीन दिशांना निघालेल्या गाड्या तीन वेगवेगळ्या पिकांतून जातात. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालू असताना पाण्याने भरलेल्या बांधीत डब्यांचे प्रतिबिंब पडते. नोव्हेंबरमध्ये कापूस फुटलेल्या शेतामागून मालगाडी जाते तेव्हा कोळशाने भरलेल्या वाघिणी आणि पांढरी बोंडे एकाच चौकटीत येतात. अशा चित्रात गाडीला चौकटीचा पाचवा हिस्सा मिळाला तरी पुरे आहे. शेतात जाण्याआधी शेतमालकाला विचारावे आणि सोबत कोणालातरी न्यावे, म्हणजे आईची अटही पाळली जाईल.

शहरात मला सर्वांत आवडणारी जागा गड्डीगोदामची आहे. तेथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार पातळ्यांची वाहतूक एकावर एक आहे. वर मेट्रो आणि खाली रेल्वेगाडी एकाच वेळी येण्याची वाट पाहावी लागते, पण रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभे राहून हे चित्र मिळू शकते. रामझुला या पुलावरून रुळांचा पसारा दिसतो, परंतु तेथील वाहनांची वर्दळ पाहता थांबून चित्रे काढण्याचे मी सुचवणार नाही. स्थानकाची इमारतही विसरू नये. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झाले आणि तिचे मुख्य दार पश्चिमेकडे असल्यामुळे सायंकाळचे ऊन थेट तिच्यावर पडते.

वेळापत्रकाविषयी थोडेसे. प्रवासी गाड्या कोठे पोहोचल्या आहेत हे रेल्वेच्या एनटीईएस सेवेवर कळते, मालगाड्यांचे मात्र तेथे काही कळत नाही. जानेवारीत उत्तरेकडे दाट धुके असते तेव्हा दिल्लीकडून येणाऱ्या काही गाड्या बऱ्याच उशिराने धावतात. एरवी नागपुरातून रात्री जाणारी गाडी त्या दिवसांत उजेडी सापडते, म्हणून हिवाळ्यात रोज सकाळी एकदा ती सेवा पाहण्याची सवय ठेवावी. मालगाड्यांत डब्ल्यूएजी-१२ बी हे १२,००० अश्वशक्तीचे जोड इंजिन आवर्जून टिपावे. त्याच्या देखभालीचे एक केंद्र नागपुरातच आहे. लांब मालगाडीचे समोरून चित्र घेण्यात अर्थ नसतो, कारण तिचे वैशिष्ट्य लांबीत आहे आणि ती लांबी समोरून दिसतच नाही. जुलै २०२० मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने चार रिकामे रेक, म्हणजे चार अख्ख्या मालगाड्यांच्या वाघिणी, जोडून नागपूरहून कोरब्याकडे ‘शेषनाग’ ही २.८ किलोमीटर लांबीची गाडी चालवली होती. असे काही टिपायचे तर मार्गाचे वळण हवे किंवा उंचावरची जागा हवी.

डायमंड क्रॉसिंगबाबत माझे मत स्पष्ट आहे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मार्ग एकमेकांना छेदतात ती आकृती वरूनच उमगते. जमिनीवरून पाहिले तर एकमेकांत गुंतलेले रूळ दिसतात, त्यापलीकडे काही नाही. म्हणजे धोका आणि गुन्हा दोन्ही पत्करूनही हवे ते चित्र हाती येणार नाही.

निवृत्त लोको पायलट

बेटा, तुझी आई बरोबर सांगते आहे. मी आयुष्यभर इंजिनाच्या काचेतून कॅमेरेवाले पाहिले आहेत, म्हणून त्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसण्यासाठी तिला हात लागावाच लागतो असे नाही. तारेपासून दोन मीटरच्या आत शरीराचा किंवा हातातील वस्तूचा कोणताही भाग जाता कामा नये. सेल्फी स्टिक, उंच केलेला ट्रायपॉड, पावसाळ्यातील छत्री हे सगळे त्यात आले. पुलावर तार आपल्या पायांच्या बरीच जवळ असते, त्यामुळे कठड्याच्या किंवा जाळीच्या बाहेर कॅमेरा काढायचा नाही.

फ्लॅश कधीही वापरू नये. रात्री आमचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि पुढचा सिग्नल शोधत असतात. त्या क्षणी समोरून लखकन प्रकाश आला तर काही सेकंद काहीच धड दिसत नाही. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५० च्या दशकात वाफेच्या गाड्यांची रात्रीची चित्रे मोठमोठे फ्लॅश लावून काढली होती, पण त्याला त्या रेल्वे कंपनीचे सहकार्य होते. आपण तसे परस्पर करायचे नाही.

विजेवर चालणारी गाडी किती आवाज न करता जवळ येते, याचा लोकांना अंदाज नसतो. दोन किंवा तीन मार्ग शेजारी असतील तर समोरच्या मालगाडीच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकूच येत नाही. वेगातील गाडी आणीबाणीचा ब्रेक लावूनही थांबायला सुमारे एक किलोमीटर घेते. रुळाजवळ कोणी उभे दिसले की आम्ही हॉर्न वाजवतो, ब्रेकवर हात नेतो आणि तो माणूस मागे सरकेपर्यंत आमचा श्वास अडकलेला असतो. तुझ्यामुळे कोणावर ती वेळ येऊ देऊ नकोस. फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ असे लिहिलेला पिवळा फलक असतो, तेथून आम्ही फाटकासाठी शिट्टी वाजवतो. फाटकाबाहेर रस्त्यावर उभी असशील तर ती शिट्टी ऐकून कॅमेरा तयार ठेवता येईल.

परवानगीचे म्हणशील तर नागपुरात रेल्वेची दोन मंडळे आहेत आणि दोन्हींची कार्यालये शहरातच आहेत. नागपूर आणि अजनी स्थानके मध्य रेल्वेची, तर इतवारी आणि कामठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. एका मंडळाचे पत्र दुसरीकडे चालत नाही, म्हणून कोठे जाणार आहेस ते ठरवून त्याच मंडळाकडे अर्ज कर. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रीतसर परवानगी आणि शुल्क लागते. स्वतःच्या छंदासाठी जात असलीस तरी फलाट तिकीट हवेच, ते दोन तास चालते. पोहोचल्यावर कामावर असलेल्या स्टेशन व्यवस्थापकाला भेटून काय करणार आहेस ते सांग, आणि त्यांनी किंवा सुरक्षा दलाच्या जवानाने नको म्हटले तर वाद न घालता कॅमेरा बंद कर. ट्रायपॉड घरी ठेवलेलाच बरा. रुळांवर किंवा यार्डात विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मोतीबागची शेजारीण

वरच्या दोघांनी जागा आणि सुरक्षा यांविषयी जे लिहिले आहे त्याला माझी पूर्ण सहमती आहे. मला फक्त नोंदींविषयी सांगायचे आहे, कारण या छंदात ती बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची, गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये. शेवटच्या दिवशी कॅमेरे घेऊन गर्दी झाली हे चांगलेच झाले, परंतु त्या चित्रांत हारांनी सजवलेले इंजिन आणि माणसांचे डोके दिसते. एखाद्या साध्या मंगळवारी डब्यात कोण बसत होते, भाजीच्या टोपल्या कोठे ठेवत होते, मधल्या स्थानकाची तिकीट खिडकी कशी होती, हे दाखवणारी चित्रे शोधू लागलात तर फार थोडी हाती लागतात. जी मिळतात त्यांच्यावर तारीख नसते आणि स्थानकाचे नावही नसते. मोतीबागला २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तेथे ७६२ मिमी रुंदीच्या मार्गावरची इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात आणि गर्दी व धोका नसल्यामुळे कॅमेऱ्याचा सरावही होतो, पण चालत्या गाडीतले आयुष्य संग्रहालयात ठेवता येत नाही.

आज तेच जुन्या पद्धतीच्या निळ्या आयसीएफ डब्यांचे होत आहे. त्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन पेरांबूरच्या कारखान्यात जानेवारी २०१८ मध्ये थांबले आणि त्यांची जागा एलएचबी या नव्या पद्धतीचे डबे घेत आहेत. सगळ्यांचे कॅमेरे वंदे भारतकडे वळलेले असताना तुम्ही या डब्यांच्या खिडक्यांचे गज, दाराशेजारचे पाणी भरायचे नळ आणि डब्यावर रंगवलेली अक्षरे टिपून ठेवा. माणसांचे चित्र घेण्याआधी मात्र त्यांना विचारा.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, गाडी कोणत्या दिशेने जात होती, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा पाच अंकी क्रमांक आणि त्यावर लिहिलेले शेडचे नाव, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवा. फोनमध्ये लिहिले तरी चालेल, पण फायलीच्या नावात किमान तारीख आणि स्थानक असू द्या. आयआरएफसीएसारख्या रेल्वेप्रेमींच्या संग्रहांत जुनी चित्रे आजही कामी येतात ती याच नोंदींमुळे.

अजनीची रहिवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. काका, डायमंड क्रॉसिंगचा विचार मी सोडला आहे. येत्या रविवारी भावासोबत कामठीला जाण्याचा बेत आहे. एक तांत्रिक शंका मात्र उरते. डब्यांवरील एलईडी फलकांवरची अक्षरे माझ्या चित्रांत अर्धवट येतात, आणि शटर मंद केले तर धावती गाडी पुसट होते. दोन्ही कसे साधावे?

तीन दिशांचा प्रवासी

दोन्ही एका चित्रात साधणे अवघड आहे, म्हणून दोन चित्रे घ्यावीत. त्या फलकावरचे सर्व दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. ते ओळीओळीने फार वेगाने उजळतात आणि डोळ्याला अखंड अक्षर दिसते. १/१००० सेकंदात कॅमेऱ्याला त्यातला एखादाच भाग मिळतो. गाडी थांबलेली असताना १/१०० किंवा त्याहून मंद शटरने फलकाचे चित्र घ्यावे.

धावत्या गाडीसाठी वेगाचा हिशेब करावा. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटर, त्यामुळे १/१००० सेकंदात गाडी ३ सेंटिमीटर सरकते. गाडी तिरकस समोरून येत असेल तर तेवढे चालते, अगदी बाजूने जवळून घ्यायची असेल तर १/२००० ठेवावे. कामठीला न थांबणारी गाडी मिळाली तर एकदा उलटेही करून पाहावे: पिवळ्या रेषेच्या बरेच मागे, भिंतीच्या बाजूला उभे राहून शटर १/४० ठेवावे आणि गाडीबरोबर कॅमेरा एकसारखा फिरवत राहावे. इंजिन स्पष्ट येते आणि मागचा फलाट रेषांमध्ये विरघळतो. सुरुवातीला बहुतेक चित्रे बिघडतील, त्यामुळे सलग चित्रे घेण्याची सोय चालू ठेवावी आणि भावाला शेजारी उभे करून दुसऱ्या बाजूच्या गाड्यांकडे लक्ष ठेवायला सांगावे.