सभेतला प्रश्न वऱ्हाडात जुनाच

प्रचारसभेत नेत्यानं "कापसाला भाव भेटला का?" असं विचारून गर्दीकडून "नाही" वदवून घेणं ही प्रचार-कंपन्यांनी शिकवलेली नवी युक्ती आहे, असं काही जण म्हणतात. नवी नाही हो. शेंडगावच्या गाडगेबाबांचं अख्खं कीर्तन अशाच सवाल-जवाबावर चालायचं. पण बाबांचा प्रश्न ऐकणाऱ्याच्याच घरात शिरायचा: कर्ज काढून सण कशाला, देवापुढे बकरं कशाला? उत्तर देणाऱ्याला स्वतःचं काहीतरी सोडावं लागे. नेत्याच्या प्रश्नात दोषी कायम दुसराच असतो, म्हणून तर एवढ्या जोरात उत्तर येतं.

आमच्या तालुक्याच्या बाजारात अशीच सभा ऐकली. दोन-तीनदा "नाही"चा गजर झाल्यावर माझ्या शेजारचे काका उभे राहून म्हणाले, "साहेब, मंग तुमी किती देसान?" तोवर भाषण धरणावर पोचलं होतं. खरी अडचण हमीभावाच्या आकड्यापाशी संपतही नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये जाहीर झाले, पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआयच्या (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) केंद्रावर माल नाकारतात आणि गाडी व्यापाऱ्याकडे वळवावी लागते. ओलाव्याबद्दल त्या मंचावरून एक शब्द आला नाही.