प्रतिसाद: तालमीच्या संग्रहालयातला फेटा आणि ब्लेझर

जरीचा मानाचा फेटा आणि ऑलिंपिक संचलनाचा लोकरी ब्लेझर एकाच काचपेटीत, सोबत डांबरगोळ्या, आत ट्यूबलाइट, असा बेत तालमीच्या संग्रहालयासाठी वरच्या पोस्टमध्ये मांडलाय. यातलं काहीच करू नका.

लोकरीतून गंधकयुक्त वायू सुटतात, त्यानं चांदीची जर काळवंडते. पेट्या वेगळ्याच हव्यात. काळी पडलेली जर चिंच-लिंबानं घासली की मुलामा निघतो आणि खालचं तांबं दिसायला लागतं. तो काळेपणा परवडला. डांबरगोळ्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकची बटणं मऊ होऊन चिकटतात. ब्लेझरला कसर (लोकर खाणारी कीड) लागली असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा (घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही). बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कापडावर दव धरतं.

बांधलेला फेटा खिळ्याला अडकवला की सगळा भार एका घडीवर येतो आणि जुनं रेशीम तिथंच चिरतं. इथाफोमचं (पॉलिथिनचा टणक फोम) डोकं कापून त्यावर खळ धुऊन काढलेलं मांजरपाट चढवा. घेर फेट्यापेक्षा किंचित कमी. सुटा फेटा आम्लमुक्त टिश्यू पेपर घालून जाड नळीवर गुंडाळा.

ट्यूबलाइटऐवजी उजेड ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), एलईडी, पेटीबाहेरून. तीन-चार महिन्यांनी कपडा उतरवून अंधारात ठेवायचा. पेटीला नवं प्लायवूड वापरू नका, त्यातून आम्लाच्या वाफा येतात. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी आलीच, म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, आर्द्रतामापक आत ठेवा.