पत्रा गळत नाहीये, त्याला घाम येतोय

"कौलं उतरवून रंगीत पत्रे घातले, तेव्हापासून माळ्यावर भट्टी. त्यात थंडीत पहाटे थेंब पडतात. स्क्रू गळतायत का?" असं वर विचारलंय.

पाऊस नसताना गळणार काय? निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि माळ्यावरच्या हवेतली वाफ त्याला खालून धरते. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून हवा खेळायची, भाजलेली माती थोडी ओलही पिऊन घ्यायची. पत्र्याने दोन्ही बंद केलं. तेव्हा आणखी सिलिकॉन फासत बसू नका, हवेला खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला वाट द्या.

वळचणीला भिंत आणि पत्र्यामधली फट फिटर हौसेने सिमेंटने लिंपतात. ती आधी उघडा आणि जाळी मारा, नाहीतर वटवाघळं बिनभाड्याची राहायला येतील. मग आढ्याच्या टोपीखाली (दोन्ही उतारांच्या सांध्यावर बसणाऱ्या पत्र्याखाली) फट, किंवा वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर. टोपी दोन्हीकडे चांगली खाली उतरलेली हवी, कोकणातला पाऊस आडवा येतो. नुसता टर्बो मात्र बसवू नका. खालची वाट बंद असेल तर तो फळ्यांच्या फटींतून स्वयंपाकघरातली वाफच वर ओढेल.

मापासाठी अमेरिकेतला जुना नियम सोपा आहे: माळ्याच्या १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट मोकळी जागा. ६०० चौरस फुटांना ४, साधारण निम्मी खाली, निम्मी वर. जाळीची तार जितकी जागा अडवते तितकी वजा धरा.

आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप माळ्यावर सोडला असेल, तर तो आधी बाहेर काढा.