‘शहर फक्त पायांना कळतं’? लिस्बनच्या लेखाला उत्तर

काठावरची:
‘लिस्बन: एकटी, पायी, एका दिवसात २४ किलोमीटर’ हा लेख वाचला आणि गप्प बसवेना. लेखिका म्हणतात, ‘ट्राममध्ये बसणाऱ्याला शहर कळतच नाही.’ मी अडुसष्ट वर्षांच्या आईला घेऊन गेले होते. तिथली चुनखडीच्या दगडांची फरसबंदी पावसाची एक सर आली की साबण लावल्यासारखी निसरडी होते. अल्फामाच्या उतारावर आई घसरली, मनगट मोडलं. पुढचे चार दिवस आम्ही २८ नंबरच्या ट्रामनेच फिरलो. हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल अशा त्या गल्ल्यांची वळणं आई अजून सांगते. तिला शहर कळलं नाही?

आणि एवढं चालून पाहिलं काय? बायशातून अल्फामाकडे चढताना कॅथेड्रलच्या शेजारीच आल्जूब लागतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. त्याचा लेखात उल्लेखही नाही. नदीकाठच्या बेलें भागातल्या दर्यावर्दींच्या स्मारकाला मात्र ‘भव्य, डोळ्यांचं पारणं फिटलं’!

भटकी_एकटी:
लेख माझाच आहे. आईंचं वाचून वाईट वाटलं. पण लग्नानंतरच्या चौदा वर्षांत मी सलग चार तास एकटी कुठे चालले नव्हते, हे तुम्हाला कसं कळणार? सकाळी सातला सेन्योरा दु मोंतच्या टेकडीवर उभी होते, समोर किल्ला, खाली नदी. मग मार्तिम मोनीझला उतरले. एका बांगलादेशी दुकानदाराने हिंदीत चौकशी केली, चहा दिला, पैसे घेतले नाहीत. ट्राममध्ये हे झालं असतं? तिथून बेलेंपर्यंत सहा-सात किलोमीटर नदीकाठाने गेले, कुणी वळून बघितलं नाही. आमच्या गावात एस. टी. स्टँडपर्यंत जाताना दहा जण विचारतात, कुठे निघालात. मी दिवस कसा गेला ते लिहिलं, संग्रहालयांची यादी नाही.

सांगलीवाला:
चालण्या-बसण्याचं राहू द्या, स्मारकाचं बोला. सालाझारने ते १९६० साली दगडात उभं केलं. तेव्हा गोवा त्याच्या ताब्यात होता आणि आपली माणसं त्याच्या तुरुंगात. त्या मूर्तींच्या रांगेत वास्को द गामाही आहे. गोवामुक्तीसाठी लढलेले आमच्या सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात डांबलेले होते. गोवा डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये! सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी किती खटपट केली. माझे आजोबा १९५५ च्या सत्याग्रहात होते. पायात गोळी लागली, जन्मभर लंगडत शाळेत शिकवायला गेले. त्यांचा नातू त्या दगडाला ‘भव्य’ म्हणणार नाही.

मडगावची:
आजोबांना नमस्कार. पण गोव्याचं दुःख सांगलीहून मोजू नका. माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेला, हॉटेलात भांडी घासतो, त्याच्या पैशावर आमचं छप्पर दुरुस्त झालं. बेलेंच्या चौकात गोवा जिंकणाऱ्या अफोन्सु द आल्बुकेर्कचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून तो रोज कामाला जातो. त्याने काय करावं, रोज थुंकावं? ती राजवट १९७४ साली पोर्तुगीजांनीच उलथली, हेही कधी लिहा.

सांगलीवाला:
पासपोर्टचा विषय मी काढलाच नव्हता. तुम्हीच काढलात.

मडगावची:
तुम्ही नाही, पण घाटावरचा माणूस भेटला की दुसरं वाक्य तेच असतं. ‘देश विकलात.’ माझ्या भावाच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत ऐकलंय मी.

सांगलीवाला:
असं कोणी बोललं असेल तर चूक. भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. स्मारकाबद्दल आहे, आणि राहील.

काठावरची:
मूळ मुद्दा हरवला. ट्रामचं काय?

भटकी_एकटी:
ट्रामवाल्यांना शहर कळत नाही, हे वाक्य काढते. आईंसाठी, तुमच्यासाठी नाही. तुमचा सूर मला अजूनही पटलेला नाही. ‘भव्य’ ठेवणार, कारण मला ते तसं दिसलं. रानडे मला ठाऊक नव्हते. त्या स्मारकाखाली मी अर्धा तास सावलीला बसले होते, याचं आता कसंतरी वाटतंय. काशियसला जाता येतं का?

मडगावची:
काइश दु सोद्रेहून काश्काइशची लोकल घ्या, अर्धा तासही लागत नाही. किल्ल्यात सोडणार नाहीत, तिथे अजून तुरुंगच आहे. आणि आल्जूबला जायचं तर सोमवार सोडून जा, बंद असतं.