शब्दचर्चा: ‘म्हातारा पंक’ आपल्या भाषेत कसा बसवायचा?

दर्यापूरकर
राजेहो, एक अडचण आहे. शनिवारी रात्री आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर सिनेमा दाखवायचं ठरलंय. ‘धिस मस्ट बी द प्लेस’, २०११ चा, पाओलो सोरेंतिनोचा. शॉन पेन त्यात शायेन नावाचा गायक आहे. पन्नाशीचा माणूस. गाणं सोडून वर्षं झाली, डब्लिनमध्ये मोठ्या घरात बायकोसोबत राहतो. पण रोज उठून तोंडाला पावडर, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली लावतो, केस पिंजारतो आणि चाकांची पिशवी ओढत बाजारात जातो. मी चार वेळा पाहिलाय, त्यामुळे मधेमधे थांबवून गोष्ट सांगायची चिंता नाही. चिंता फळ्याची आहे. वाचनालयाच्या फळ्यावर एक ओळ लिहावी लागते: ‘एका अमक्याची गोष्ट’.

काल ‘माजी पंक रॉकर’ लिहिलं. तासाभरात तिघांनी टोकलं. एक म्हणे, ‘पंक्चरवाला हाय का?’ दुसरा दहावीला संस्कृत घेतलेला, तो म्हणे, ‘पंक म्हणजे चिखल, पंकज त्याच्यातूनच आला.’ (गावात तीन पंकज आहेत. तिघांनाही हे आवडलं नाही.) तिसऱ्याचा आक्षेप ‘माजी’वर: ‘माजी सरपंच असते, माजी आमदार असते. गाणाऱ्याचं काहून माजी?’ मला हा तिसरा आक्षेपच खरा वाटतो. काय लिहू?

शेगावची
तिसऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ‘माजी’ अरबीतून आला, अर्थ ‘मागचा, होऊन गेलेला’. मराठीत तो पदाला चिकटला. खुर्ची होती, गेली, म्हणून माजी. पंकाला खुर्ची कुठे होती? त्याचं सगळं भांडणच खुर्चीवाल्यांशी. दुसरं म्हणजे फळ्यावर ‘माजी’ वाचलं की शेजारी ‘माज’ आठवतोच. तो शब्द वेगळ्या घरचा, ‘मद’वरून आलेला, म्हणजे गाय माजावर येते तो. ‘माजलेला माजी’ लिहिलं तर निदान ऐकायला बरं.

दर्यापूरकर
ताई, गावात दोन माजी सरपंच आहेत. दोघंही सिनेमाला येणार. राहू द्या.

गुरुजी_अचलपूर
आधी मूळ शब्द तपासू, मग भाषांतराच्या मागे लागू. इंग्रजीत ‘पंक’ला मोठा इतिहास आहे आणि त्यात चांगलं काही नाही. शेक्सपियरच्या काळी तो वेश्येसाठी वापरत. नंतर अमेरिकेत फुटकळ गुंड, वाया गेलेलं पोरगं, कुचकामी वस्तू असे अर्थ आले. गाण्याला तो चिकटला १९७० च्या दशकाच्या मध्यात. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम १९७६ चा, लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा गाजावाजा १९७६-७७ मधला. तीन सूर येतात ना, मग स्टेजवर चढ, असा तो बाणा. कपडे फाडायचे आणि सेफ्टीपिनांनी जोडायचे.

पण मला सगळ्यात आवडलेला अर्थ निराळाच आहे. घुणलेलं, भुसभुशीत झालेलं लाकूड, जे ठिणगी पडताच धरतं आणि ज्वाळा न होता धुमसत राहतं, त्यालाही अमेरिकेत पंक म्हणत. चकमकीवर विस्तव पाडायला ते वापरायचे. आपल्याकडे चकमकीसोबत सावरीचा कापूस ठेवत, तेच काम.

पुण्यातला_वऱ्हाडी
म्हणजे संस्कृत पंक ओला आणि इंग्रजी पंक कोरडा.

गुरुजी_अचलपूर
दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे लिहून ठेवतो. नाहीतर उद्या कोणीतरी सगळं संस्कृतातून निघालं म्हणून सांगत सुटेल.

पुण्यातला_वऱ्हाडी
चिखलावरून एक अवांतर. आमच्या घरी चिखलाला ‘गारा’ म्हणत. पुण्यात पहिल्या पावसाळ्यात मी म्हणालो, ‘गाऱ्यात चप्पल फसली.’ समोरचे आभाळाकडे पाहू लागले. त्यांना वाटलं गारपीट झाली.

दर्यापूरकर
खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनीत चप्पल फसली तर ती तिथेच सोडून घरी यायचं असतं, हेही त्यांना सांगायचं. असो. ‘पंक’ तसाच ठेवावा असं आता वाटतंय. पण एक शंका. शायेन खरंच पंक आहे का?

काळा_शर्ट
नाही! कधीची वाट पाहत होतो कोणी हे विचारतंय का. शायेन गॉथ आहे. ते केस, ती लाली, तो पांढरा चेहरा द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथवरून घेतलाय, दिग्दर्शकानं स्वतः सांगितलंय. पंक ओसरू लागला तेव्हा त्यातूनच ही शाखा फुटली. राग बाहेर फेकायचा तो पंक. तोच राग गिळून, काळे कपडे घालून बसायचं, तो गॉथ. सिनेमात शायेनच्या उदास गाण्यांपायी दोन पोरांनी जीव दिलेला असतो आणि तो त्यांच्या कबरींवर जातो. पंकाची गाणी ऐकून पोरं फार तर खिडक्या फोडतील.

शेगावची
फळ्यावर ‘म्हातारा गॉथ’ लिहून दाखवाच. उद्या विचारतील, कोणाची गाठ, कुठं आलीये, ऑपरेशन सांगितलंय का.

काळा_शर्ट
मान्य. पण चुकीचं लिहू नका एवढंच.

दर्यापूरकर
चुकीचं नको आणि न कळणारंही नको. मला ‘पंक’ नसलेलीच ओळ हवी आहे असं दिसतंय. आता दुसऱ्या टोकाकडे येऊ, म्हणजे वय. ‘निवृत्त’ कसा वाटतो?

गुरुजी_अचलपूर
मी निवृत्त आहे. एक तारीख ठरलेली असते, शाल-श्रीफळ मिळतं, दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन. शायेनला यातलं काय मिळालं?

काळा_शर्ट
रॉयल्टी मिळते की. जुन्या गाण्यांच्या पैशावर तर घर चाललंय.

गुरुजी_अचलपूर
ती वाडीच्या संत्र्यांसारखी. झाडं कधीकाळी लावली, बहार येतो तोवर खायचं. पेन्शन नव्हे.

पुण्यातला_वऱ्हाडी
‘पूर्वाश्रमीचा पंक’? बुवा झालेल्यांना लावतात तसं.

दर्यापूरकर
किंवा लग्नपत्रिकेतल्या वहिनींना. नको.

झाडीतला
नमस्कार जी. मी वडसा भागातला. सरकारी कागदावर तुमच्या माणसाला आत्ताआत्तापर्यंत तयार शब्द होता: ‘वृद्ध कलावंत’. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं, त्यात वयाची अट पन्नाशीचीच. आमच्याकडे भजनी, शाहीर, दंडार आणि खडी गंमत या इकडच्या लोककलांतले लोक पंचायत समितीत तो अर्ज घेऊन उभे असायचे. तुमचा शायेन वयात बसतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकेल.

पण खरं सांगू का, हा शब्द अर्जापुरताच. गावात कोणी कोणाला ‘वृद्ध कलावंत’ म्हणत नाही. गावात म्हणतात ‘थकला’. ‘शाहीर आता थकला जी.’ तो त्या दिवशी दमला असा अर्थ नाही, वय झालं असा आहे. मंडळ बंद पडलं तर ‘बसलं’. गळा गेला तर तोही ‘बसला’. धान निघाल्यावर इकडे नाटकांचा हंगाम लागतो, मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्र रात्र नाटकं. तेव्हा हे थकलेले लोक पहिल्या रांगेच्या बाजूला खाली सतरंजीवर बसतात. मांडवाच्या मागे जाऊन रंगवणाऱ्याशी बोलून येतात. का जातात? तोंडाला लावायच्या सफेद्याचा वास घ्यायला, असं माझं मत.

माझ्या ओळखीचे एक आहेत. खडी गमतीत बाईचं सोंग घ्यायचे. पाऊणशे वर्षांचे असतील. पंधरा-वीस वर्षांत उभे राहिले नाहीत. पण भुवया अजून कोरलेल्या. शेतात जातानाही डोळ्यांत काजळाची बारीक रेघ. लोक पाठीमागे हसतात, तोंडावर कोणी काही बोलत नाही. त्यांना मी कधी ‘माजी’ किंवा ‘थकलेले’ म्हणू शकलो नाही. कारण गाणं गेलं, पण सोंग उतरलेलं नाही.

दर्यापूरकर
झाडीतल्या भाऊ, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय का?

झाडीतला
नाही जी.

दर्यापूरकर
तरी त्यातली मुख्य गोष्ट तुम्हीच सांगितली. मी चार वेळा पाहून शब्द शोधत होतो तो पंकासाठी. शोधायला हवा होता तो रंगासाठी. शायेनचं गाणं सुटलंय, रंग सुटलेला नाही, आणि पूर्ण सिनेमा त्या दोन्हींच्या मधल्या जागेत घडतो. शेवटी तो

शेगावची
शेवट सांगू नका! मला पाहायचाय.

दर्यापूरकर
बरं. एवढंच विचारतो: ‘रंग उडाला’, ‘रंग उतरला’ आणि ‘रंग उतरवला’, यांत फरक कसा करता?

शेगावची
उडाला तो उन्हानं. दाराचा, लुगड्याचा. त्यात कोणाची इच्छा नसते. उतरला म्हणजे धुताना गेला, किंवा माणसाचा चेहरा पडला. उतरवला म्हणजे स्वतःच्या हातानं, तेल लावून, आरशासमोर. तुम्ही शेवट सांगितलातच ना?

दर्यापूरकर
तुम्हीच सांगितला ताई.

पुण्यातला_वऱ्हाडी
एक शब्द कोणीच घेतला नाही. ‘बुढा’. आपल्याकडे बुढा म्हणजे म्हातारा आणि बुढा म्हणजे बापही. ‘माहा बुढा वावरात गेला’ म्हटलं की बाप गेला असतो, मग तो चाळिशीचा का असेना. बायका नवऱ्यालाही म्हणतात. पुण्यात मी वडिलांना ‘बुढा’ म्हटलं तर रूममेट मला संस्कारांवर व्याख्यान देऊ लागला. त्यात अनादर नसतो हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

काळा_शर्ट
थांबा. हे या सिनेमाला फार जवळचं आहे. शायेन बापाशी तीस वर्षं बोललेला नसतो. बाप न्यूयॉर्कला मरायला टेकलाय म्हणून निरोप येतो. विमानाची भीती, म्हणून हा जहाजानं निघतो आणि पोचतो तोवर बाप गेलेला. बाप ज्यू, नाझींच्या छावणीतून वाचलेला, आणि तिथे ज्यानं त्याचा अपमान केला त्या माणसाला आयुष्यभर शोधत राहिलेला. मग हा काजळ-लाली लावून, चाकाची बॅग ओढत अमेरिकाभर त्या नाझीला शोधत फिरतो. म्हणजे पूर्ण गोष्ट दोन बुढ्यांची आहे. मराठीतल्या इतर ‘म्हाताऱ्या’त हे येत नाही, वऱ्हाडीतल्या ‘बुढ्या’तच येतं.

शेगावची
तिसराही बुढा आहे की. तो नाझी.

गुरुजी_अचलपूर
आणि शायेन स्वतः बुढा झालाच नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. मूलबाळ नाही, विमानाला भितो, हळू बोलतो, नटतो. वऱ्हाडीत त्याला ‘पोट्टा’, म्हणजे पोरगा, म्हणतील. आमच्या शाळेत पन्नाशीचे एक शिक्षक होते, पतंग उडवायचे, त्यांना सगळा स्टाफ पोट्टाच म्हणायचा.

पुण्यातला_वऱ्हाडी
‘बह्याड’, म्हणजे वेडपट, पण म्हणतील.

गुरुजी_अचलपूर
म्हणतील. पण फळ्यावर लिहिणार नाहीत.

दर्यापूरकर
ठरलं. रविवारी सांगतो.

दर्यापूरकर
(रविवार.) फळ्यावर हे लिहिलं: ‘गाणं सुटलं, रंग नाही सुटला, अशा एका बुढ्या पोट्ट्याची गोष्ट. रात्री ८ वाजता. सतरंजी आपापली.’ गुरुजी, ‘पोट्ट्या’तला ट खाली लिहिताना खडू तुटला, तेवढी चूक पोटात घाला.

सोळा लोक आले. कापूस वेचून दमलेल्यांतले चार मधेच झोपले. काळा_शर्ट, तुमचा गॉथ मी तोंडी सांगितला, कोणाला काही अडचण आली नाही. शायेनची बायको आगीच्या बंबावर काम करते हे कळल्यावर बायकांच्या बाजूला बरीच चर्चा झाली, माझं पुढचं निम्मं वाक्य त्यात बुडालं. गायक डेव्हिड बर्न स्वतःच्याच भूमिकेत येऊन शीर्षकगीत गातो, १९८३ चं, त्या वेळी मी काही बोललो नाही. कोणी बोला म्हटलंही नाही.

दोन्ही माजी सरपंच एकाच सतरंजीवर बसले होते, ही वेगळी बातमी.

झाडीतल्या भाऊ, तुमच्या त्या भुवयांवाल्या काकांना हा सिनेमा दाखवायचा असला तर पेनड्राइव्ह पाठवतो.

झाडीतला
पाठवा जी. गोष्ट मी सांगेन. ते ऐकतील का माहीत नाही, तोंड रंगवलेला माणूस दिसला की ते फक्त रंग कसा लावलाय ते पाहतात.

दर्यापूरकर
आणि ‘रॉकर’साठी वेगळा धागा काढावा लागेल. आमच्या एका काकांनी त्याचा संबंध रॉकेलशी लावलाय. रॉकेल ‘रॉक ऑइल’वरून आलं, म्हणजे दगडातलं तेल, आणि गाण्यातला रॉक म्हणजे पाळण्यासारखं डोलणं, दोन्ही रॉक वेगळे, हे मी रात्री साडेअकराला वाचनालयाच्या पायरीवर बसून समजावलं. ते म्हणाले, ‘मंग पाळण्याले रॉकर म्हणतेत का?’ इंग्रजीत पाळण्याच्या खालच्या वाकड्या लाकडाला खरंच रॉकर म्हणतात. त्याला आपल्याकडे काय म्हणतात, कोणाला ठाऊक आहे का?