गुडघ्यात इंजेक्शन: स्टिरॉइड, जेल की पीआरपी?

आई ६८ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची झीज ग्रेड ३, डावा सुजतोही. मधुमेहाच्या गोळ्या चालू, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. एक डॉक्टर स्टिरॉइड म्हणतात, दुसरे जेल, तिसरीकडे पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सच्या) तीन इंजेक्शनांचं पॅकेज. चार महिन्यांनी घरात लग्न आहे. काय निवडावं?

प्रतिसाद १
सूज आहे, तर आधी स्टिरॉइड. नेहमीचा डोस ट्रायमसिनोलोन ४० मिग्रॅ. सांध्यात पाणी असेल तर ते आधी काढतात. ते गढूळ निघालं तर स्टिरॉइड न देता पाणी लॅबला पाठवायचं, कारण आत जंतुसंसर्ग असताना स्टिरॉइड देणं घातक. आराम काही आठवडेच टिकतो, म्हणून आत्ता घेतलं तर लग्नापर्यंत ओसरेल. महिनाभर आधीची तारीख घ्या. नंतरचा आठवडाभर साखर वाढते. घरी ग्लुकोमीटरने रोज तपासा, गोळ्यांचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा.

दर तीन महिन्यांनी घेत राहायची सवय मात्र नको. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी हेच ४० मिग्रॅ दिलं. तुलनेसाठी नुसतं सलाइन दिलेल्यांपेक्षा त्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जास्त झिजली, दुखणं मात्र सलाइनवाल्यांइतकंच राहिलं.

प्रतिसाद २
जेल म्हणजे हायल्युरोनिक आम्ल. एकच मोठा डोस असतो किंवा आठवड्याला एक असे तीन ते पाच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना 'देऊ नका' असं स्पष्ट सांगतात. पीआरपीचंही तसं बरं नाही: ऑस्ट्रेलियातल्या २८८ जणांच्या चाचणीत (२०२१) वर्षभरानंतर ते सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. काहींना गुण येतो, नाही असं नाही. पण तीनचे पैसे आगाऊ भरू नका.

धागाकर्ता
पुढेमागे सांधा बदलायचं ठरलं तर? आणि ती रक्त पातळ करायची गोळी घेते.

प्रतिसाद १
इंजेक्शन आणि सांधेरोपण यांत किमान तीन महिने सोडा, नाहीतर नव्या सांध्यात संसर्गाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया जवळ असेल तर इंजेक्शन टाळलेलंच बरं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, नाव सांगा. बहुतेकदा थांबवावी लागत नाही.

पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. बर्फाने शेका, जिने टाळा. पण ताप आला, गुडघा लाल-गरम झाला किंवा दोन दिवसांनंतरही दुखणं चढतच राहिलं, तर फोनवर विचारत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रतिसाद २
आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आराम असतानाच सुरू करा. दुखायला लागल्यावर कोणी करत नाही.